सवरन, तोळा आणि पुतळी : सोन्याच्या नाण्यांची डोळस ओळख

पुण्याहून किंवा नाशिकहून बदलीच्या निमित्ताने तांबरमला येणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्या काही दिवसांत ज्या अनेक नव्या गोष्टींची सवय करून घ्यावी लागते, त्यांत सोन्याच्या भावाचीही एक सवय असते. महाराष्ट्रात सराफाच्या पेढीवर भाव विचारला की उत्तर तोळ्यात मिळते. चेन्नईच्या या दक्षिण उपनगरात मात्र दुकानातील फलकावर दोन आकडे असतात. एक ग्रॅमचा, आणि दुसरा 'सवरन'चा, म्हणजे आठ ग्रॅमचा. लग्नात मुलीला किती सोने घातले हे येथे सवरनमध्ये सांगितले जाते, जसे आपल्याकडे ते तोळ्यांत सांगितले जाते.

हा सवरन म्हणजे दुसरेतिसरे काही नसून इंग्लंडचे 'सॉव्हरिन' हे सोन्याचे नाणे होय. त्याचे वजन ७.९८८ ग्रॅम, व्यवहारात ते आठ ग्रॅम धरले गेले. १८९९ साली झालेल्या कायद्याने हिंदुस्थानात हे नाणे पंधरा रुपये दराने अधिकृत चलन ठरले होते. चलनातून ते केव्हाच गेले. पण तमिळ घराघरांत ते वजनाच्या रूपाने मागे राहिले. आपल्या तोळ्याचीही कथा फार निराळी नाही. तोळा हे माप पुरातन खरे, परंतु १८३३ साली कंपनी सरकारने रुपया आणि तोळा यांचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, असे एकच ठरविले. पुढे १८३५ च्या कायद्यानुसार पाडलेली सोन्याची मोहरही त्याच वजनाची, म्हणजे बरोबर एक तोळ्याची होती. म्हणजे तांबरमचा ग्राहक सवरन म्हणतो आणि पुण्याचा ग्राहक तोळा म्हणतो, तेव्हा दोघेही नकळत नाण्यांच्याच भाषेत बोलत असतात.

जगभरातील सोन्याची नाणी जमविण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही वाढत आहे. परदेशी राहणाऱ्या मुलाने भेट दिलेले एखादे नाणे, आजीच्या पेटीत सापडलेली एखादी गिनी, अक्षय्य तृतीयेला घेतलेले एक छोटे नाणे, अशा कोणत्याही निमित्ताने हा छंद सुरू होतो. हौसेबरोबर थोडी माहिती असेल तर हा छंद आनंदही देतो आणि पुंजीही जपतो. माहिती नसेल तर दोन्ही हातचे जाते.

एका नाण्याच्या दोन किमती

या छंदातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा धडा असा की सोन्याच्या प्रत्येक नाण्याला दोन किमती असतात. एक धातूची आणि दुसरी नावाची. धातूची किंमत वजन आणि कस यांवरून ठरते. नावाची किंमत ठरते ती नाण्याचा काळ, टांकसाळ, दुर्मीळता, त्याची स्थिती आणि घेणाऱ्याची आवड यांवरून.

तमिळनाडूच्या भूमीत याचे एक फार जुने उदाहरण आहे. पुदुक्कोट्टै संस्थानात १८९८ साली रोमन साम्राज्यातील सोन्याच्या ५०१ नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मुखवट्यावरच छिन्नीचा घाव घातलेला होता. ती नाणी पुन्हा चलन म्हणून वापरात येऊ नयेत यासाठी तसे केले असावे, असे अभ्यासक मानतात. रोमन व्यापारी मिरी आणि रत्ने घेऊन गेले व सोने ठेवून गेले. येथील मंडळींनी सम्राटाकडे पाहिले नाही, सोन्याकडे पाहिले. आज चित्र उलटे आहे. तीच नाणी आता वितळवली तर केवळ सोन्याची किंमत येईल, आणि नाणी म्हणून जपली तर तिच्या अनेक पट. कोणत्या नाण्याची कोणती किंमत मोठी हे ओळखणे, हेच या छंदाचे सार आहे.

यावरून नाणी घेण्याचे दोन मार्ग निघतात. केवळ सोन्याचा 'साठा' करावयाचा असेल तर धातूच्या किमतीपेक्षा शक्य तितके कमी जास्तीचे पैसे देऊन नाणी घ्यावीत. नाण्यांचा 'संग्रह' करावयाचा असेल तर नावासाठी पैसे मोजावे लागतात, आणि ते मोजण्यापूर्वी अभ्यास करावा लागतो. दोन्ही मार्ग योग्यच आहेत. नुकसान होते ते साठा करावयाचा म्हणून संग्रहाच्या दराने खरेदी करणाऱ्याचे, किंवा संग्रहातील नाणे मोडीच्या दराने देऊन टाकणाऱ्याचे.

घरच्याच पेटीतून सुरुवात

जगाची नाणी शोधण्यापूर्वी मराठी कुटुंबाने आपलीच पेटी एकदा उघडून पाहावी. अनेक घरांतील पुतळ्यांची माळ हा परदेशी नाण्यांचा संग्रहच असतो. ज्याला आपण पुतळी म्हणतो ते मूळ व्हेनिस प्रजासत्ताकाचे 'डुकाट' हे नाणे. १२८४ साली ते प्रथम पाडले गेले आणि १७९७ साली ते राज्य संपेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात चालू राहिले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ चोख. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख कोरलेला असे. येथील भाविकांना त्या जोडीत राम-सीता दिसली आणि नाणे गळ्यात आले. मागणी इतकी वाढली की हिंदुस्थानातच त्याच्या नकला मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या. त्यामुळे माळेतील पुतळ्या मूळच्या व्हेनिसच्या असतीलच असे नाही. नकलेवर लॅटिन अक्षरे बिघडलेली किंवा नुसत्या रेघोट्यांसारखी दिसतात. मूळ नाण्यालाही कडी जोडलेली असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते. तरीही मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक पुतळी भिंगाखाली पाहून घेण्यात शहाणपण आहे.

दुसरे नाव होनाचे. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींनी सोन्याचा होन पाडला. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे नाणे आज अत्यंत दुर्मीळ आहे. होन ही दक्षिणेतीलच परंपरा. कन्नडमध्ये 'होन्नु' म्हणजे सोने. तमिळ प्रदेशात त्याच जातीच्या नाण्याला 'वराहन' म्हणत आणि युरोपीय व्यापारी त्यालाच 'पगोडा' म्हणत. तांबरमवरून दक्षिणेस जाणाऱ्या महामार्गाने तिंडिवनम गाठून पश्चिमेस वळले की जिंजीचा किल्ला येतो. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात महाराजांनी तो घेतला, तेव्हा याच वराहनांच्या मुलखात मराठी राज्य येऊन पोहोचले होते. इकडे इंग्रजांनीही मद्रासच्या किल्ल्यात विष्णूची मूर्ती असलेलेच पगोडे पाडले, कारण परके चित्र असलेले नाणे येथील बाजाराने सहजी घेतले नसते. १८१८ साली मद्रास इलाख्यात रुपया हे मुख्य नाणे ठरले आणि पगोड्यांचा काळ संपला.

होनाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. आज त्याच्या प्रतिकृती सर्रास विकल्या जातात. प्रतिकृती म्हणून त्या घेण्यास हरकत नाही. अस्सल म्हणून स्वस्तात मिळणारा होन मात्र अस्सल नसतो, हे गृहीतच धरावे.

जगातील काही ओळखीची नाणी

आधुनिक सॉव्हरिन १८१७ पासूनचे. बावीस कॅरटच्या या नाण्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम असते. त्याच्या मागील बाजूस घोड्यावरून ड्रॅगनचा वध करणारा संत जॉर्ज आहे. भारतीय संग्राहकाला त्यातील एक वर्ष विशेष जवळचे वाटावे. ते म्हणजे १९१८. त्या वर्षाची छाप असलेली सुमारे १२ लाख ९५ हजार सॉव्हरिन मुंबईत पाडली गेली. वर्षाच्या आकड्याच्या किंचित वर कोरलेले 'आय' हे बारीक इंग्रजी अक्षर ही त्यांची खूण. त्याच वर्षी मुंबईत पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही पाडली गेली. ती आकाराने व वजनाने सॉव्हरिनसारखीच होती. पुढे २०१३ पासून इंग्लंडच्या टांकसाळीच्या परवान्याने भारतात पुन्हा सॉव्हरिन पाडली गेली, आणि त्यांवरही तेच अक्षर आले.

केवळ सोन्याचा साठा करता यावा म्हणून काढलेल्या नाण्यांची परंपरा दक्षिण आफ्रिकेच्या 'क्रुगरँड'पासून, म्हणजे १९६७ पासून, सुरू झाली. त्यात बरोबर एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम शुद्ध सोने असते. पण नाणे बावीस कॅरटचे असल्याने एकूण वजन ३३.९३ ग्रॅम भरते. कॅनडाने १९७९ मध्ये 'मेपल लीफ' काढले, चीनने १९८२ मध्ये 'पांडा'. वर्णद्वेषी राजवटीचा निषेध म्हणून अमेरिकेने १९८५ मध्ये क्रुगरँडची आयात बंद केली आणि १९८६ मध्ये स्वतःचे 'ईगल' आणले. इंग्लंडचे 'ब्रिटानिया' १९८७ चे, तर ऑस्ट्रियाचे 'फिलहार्मोनिक' १९८९ चे. यांपैकी मेपल लीफ, पांडा व फिलहार्मोनिक चोवीस कॅरटची आहेत आणि ईगल बावीस कॅरटचे. ब्रिटानिया मात्र २०१३ पासून चोवीस कॅरटचे झाले.

भारत सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये आणलेल्या 'इंडियन गोल्ड कॉइन'वर एका बाजूस अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूस महात्मा गांधींची प्रतिमा आहे. ९९९ शुद्धतेचे पाच व दहा ग्रॅमचे हे नाणे, नवशिक्याने आपल्याच देशातून आरंभ करावयाचा म्हटले तर एक चांगला पर्याय होय.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नाण्यावरील वर्ष म्हणजे नाण्याचे वय नव्हे. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने १९१५ ही तारीख असलेले डुकाट आणि शंभर कोरोना पुढे कित्येक वर्षे अधिकृतपणे पाडले. ते सोने खरे, नाणे खरे. परंतु 'शंभर वर्षांपूर्वीचे' म्हणून त्यासाठी जास्त पैसे देणे चूक ठरेल.

खरेदीपूर्वीचा हिशेब

हिशेब साधा आहे. नाण्यातील शुद्ध सोन्याचे वजन गुणिले चोवीस कॅरटचा त्या दिवशीचा भाव, ही झाली धातूची किंमत. सोयीसाठी ग्रॅमला १०,००० रुपये भाव धरू. सॉव्हरिनमधील ७.३२ ग्रॅम सोन्याचे ७३,२०० रुपये होतात. विक्रेत्याने सर्व करांसह ७९,००० रुपये मागितले, तर ५,८०० रुपये, म्हणजे सुमारे आठ टक्के, धातूच्या वर दिले जात आहेत. तेच नाणे दुसऱ्या दिवशी विकायला नेले आणि सराफाने धातूच्या किमतीतून दोन टक्के कापले, तर हाती ७१,७३६ रुपये येतील. याचा अर्थ असा की सोन्याचा भाव दहा टक्क्यांहून थोडा अधिक वाढल्याशिवाय घातलेली रक्कम परत येत नाही. हा आकडा खरेदीपूर्वी कागदावर मांडावा. खरेदीनंतर मांडल्यास तो केवळ मनस्ताप देतो.

नाणे जितके लहान, तितका प्रत्येक ग्रॅममागे घडणावळीचा भार अधिक. एक ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा दहा ग्रॅमचे एक नाणे सामान्यतः स्वस्त पडते. दुसऱ्या बाजूने पाहता, अडचणीच्या वेळी थोडेच सोने विकावयाचे असेल तर लहान नाणी सोयीची. आपली गरज पाहून मधला मार्ग काढावा. रंगीत छपाईची, आकर्षक पेटीतील 'स्मृती' नाणी भेट म्हणून शोभतात; पण पेटीचे पैसे परत मिळत नाहीत.

'विकावयाचे झाल्यास कोण घेईल, आणि कोणत्या दराने?' हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा. एके काळी अनेक बँका सोन्याची नाणी विकत. पण विकलेले नाणे त्या परत घेत नसत, हे कित्येक ग्राहकांना विकण्याच्या दिवशीच समजले.

पहिले वर्ष अभ्यासाचे

तांबरमच्या रहिवाशाला अभ्यासाची सोय हाताशी आहे. तांबरमहून चेन्नई बीचकडे जाणाऱ्या लोकलने एग्मोरला उतरले की १८५१ मध्ये स्थापन झालेले शासकीय संग्रहालय जवळच आहे. दक्षिण भारतातील भूमिगत ठेव्यांतून मिळालेल्या नाण्यांचा तेथील संग्रह फार मोठा आहे. त्याच मार्गावर पुढे फोर्ट स्थानक लागते आणि सेंट जॉर्ज किल्ल्यातील वस्तुसंग्रहालयात कंपनीच्या काळातील नाणी पाहता येतात. शहरात मद्रास कॉइन सोसायटी ही संग्राहकांची संस्थाही आहे. अस्सल नाणी वारंवार पाहिल्यावाचून नकली नाणे डोळ्यांना खुपत नाही.

पहिल्या वर्षी एखादे आधुनिक भारतीय नाणे आणि एखादे सॉव्हरिन, एवढी खरेदी पुरेशी आहे. सोबत एक वही ठेवावी. नाण्याचे नाव, वर्ष, वजन, व्यास, कस, खरेदीची तारीख, त्या दिवशीचा भाव, दिलेली रक्कम आणि पावतीचा क्रमांक तिच्यात लिहावा. पाच-सहा नोंदी झाल्या की आपण धातूसाठी किती आणि नावासाठी किती पैसे देतो, हे वहीच सांगू लागते.

परीक्षेसाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा काटा आणि व्हर्निअर कॅलिपर ही दोन साधने घ्यावीत. सॉव्हरिनचा व्यास २२.०५ मिलिमीटर आणि जाडी सुमारे दीड मिलिमीटर असते. सोने जड असल्याने हलक्या धातूची नक्कल वजनात बसवली तर ती आकाराने मोठी किंवा जाड होते. टंगस्टनची घनता मात्र शुद्ध सोन्याच्या अगदी जवळ आहे, आणि सराफाचे कॅरटमीटर पृष्ठभागाचाच कस सांगते. म्हणून मोठ्या नाण्याच्या बाबतीत विश्वासू विक्रेता आणि रीतसर पावती हीच खरी हमी. विसाव्या शतकात लेबनॉन व इटलीत सॉव्हरिनच्या अशाही नकला झाल्या की ज्यांत सोने पुरेपूर होते. नकली होते ते केवळ नाव. कारण नावालाही किंमत होती.

नाणे कधीही घासू नये, चिंचेने किंवा पावडरीने उजळवू नये. लकाकी वाढते आणि संग्राहकाच्या लेखी मोल घटते. कडेला धरावे, स्वतंत्र डबीत ठेवावे.

कायदा काय सांगतो

१९६३ मध्ये आलेले सुवर्णनियंत्रण आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांचा काळ १९९० मध्ये संपला. आज सोन्याची नाणी बाळगण्यास बंदी नाही. तथापि सोन्याची आयात ठरावीक संस्थांमार्फतच होते. म्हणून परदेशातून टपालाने नाणी मागविण्याचा मार्ग सामान्य ग्राहकासाठी नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दागिन्यांवर मिळणारी सवलत नाण्यांना लागू होत नाही. ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जाहीर करून शुल्क भरावे लागते. शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते व ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो; त्याचा कायदा १८७८ पासून आहे.

खरेदीवर तीन टक्के वस्तू व सेवा कर लागतो. दोन लाख वा अधिक रकमेचा व्यवहार रोखीने करता येत नाही. चोवीस महिन्यांनंतर विक्री केल्यास नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर आहे; म्हणून खरेदीची पावती नाण्याइतकीच जपावी. तारणकर्जासाठी नाण्यांची मर्यादा प्रत्येक कर्जदारामागे ५० ग्रॅम आहे आणि लगड किंवा चीप तारण म्हणून चालत नाही. कोणती नाणी स्वीकारली जातात याची चौकशी शाखेत आधीच करून ठेवावी.

पावसाने शिकविलेला धडा

डिसेंबर २०१५ चा पाऊस तांबरमकर विसरलेले नाहीत. त्या महिन्याच्या २ तारखेच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत येथे ४९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. अड्यार नदीचे पाणी मुडिचूर, वरदराजपुरम यांसारख्या भागांत घराघरांत शिरले. सोने पाण्याने बिघडत नाही. परंतु पावत्या, प्रमाणपत्रे आणि वही बिघडते, आणि घाईने सोडलेल्या घरातील पेटी सुरक्षित राहीलच असे नाही. म्हणून नाणी घरात न ठेवता लॉकरमध्ये ठेवणे श्रेयस्कर.

लॉकरविषयीही स्पष्ट कल्पना असावी. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे ३,००० रुपये असेल तर ही मर्यादा ३ लाखांची. पूर, भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, हे दायित्व येत नाही. लॉकरमध्ये काय आहे याची नोंद बँकेकडे नसते. म्हणून नाण्यांची छायाचित्रे व वहीची प्रत वेगळ्या जागी ठेवावी, विम्याचा विचार करावा आणि नामनिर्देशन न विसरता करावे.

वहीचा सर्वांत मोठा उपयोग मात्र पुढच्या पिढीला होतो. नाणी जमविणाऱ्याला त्यांतील भेद ठाऊक असतात. वारसाला ते ठाऊक असतीलच असे नाही. मुंबईच्या खुणेचे १९१८ चे सॉव्हरिन, व्हेनिसची पुतळी आणि गेल्या वर्षी घेतलेले दहा ग्रॅमचे नाणे ही तिन्ही एकाच पुडीत बांधून सराफाच्या काट्यावर ठेवली, तर काटा तिघांचे वजन तेवढे सांगेल. त्यांतील कोणते वजनाने द्यावयाचे आणि कोणते जपावयाचे, हे काटा सांगत नाही. ते लिहून ठेवण्याचे काम ज्याने नाणी जमविली त्याचेच आहे, आणि पहिले नाणे घरी येईल त्याच दिवशी ते सुरू करावे.